कंपवात : मेंदूचे खोल विद्युत् उद्दीपन व त्याचे रसायनशास्त्र

मेंदूच्या अंतर्भागातील एखाद्या विशिष्ट केंद्रकात (तंत्रिका कोशिकांच्या म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्यात) बारीक विद्युत् अग्र कायमचे बसवून त्यातून अखंड विद्युत् स्पंद सोडण्याच्या उपचारास खोल मस्तिष्क उद्दीपन असे म्हणतात. कंपवात (पार्किनसन रोग) या विकारात हा उपचार १९८७ पासून वापरात आला. कंपवात हा मुख्यतः डोपामीन या एका द्रव्याच्या अभावाचा रोग आहे, असे १९६० पासून मानले जाते. उलट हा उपचार सर्वस्वी विद्युत् स्वरूपाचा आहे. द्रव्याची उणीव विजेने भरून निघते काय, की ती भरून न निघताही रोगी चालू-बोलू लागतो, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. तो केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे औषध किती कमी करावे, त्याच्या मनःस्थितीत होणाऱ्या बदलांचा अर्थ कसा लावावा आणि रोगाची वाढ थांबेल अशी आशा त्यास द्यावी की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

रोगाचे स्थान : लंडनजवळील हॉक्सटन येथे व्यवसाय करणारे वैद्य जेम्स पार्किनसन (१७५५–१८२४) यांनी १८१७ मध्ये एका छोट्या निबंधात या रोगाचे वर्णन केले. त्यांनी वर्णिलेले रुग्ण अवघे सहा होते व त्यांतील काही तर त्यांनी रस्त्याने जाताना पाहिलेले होते. विश्रांतीच्या वेळी होणारा हाताचा कंप, पुढे झुकलेले शरीर आणि चालता चालता धावू लागण्याची प्रवृत्ती ही लक्षणे त्यांनी अचूक टिपली. विकाराचे मूळ मानेजवळील मेरुरज्जूत असावे हा त्यांचा तर्क मात्र चुकीचा ठरला. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयात झां मार्तँ शार्को (१८२५–९३) यांनी रोगास पार्किनसन यांचे नाव दिले. सर्वच रोग्यांना कंप नसतो व खरा पक्षाघात तर कोणासच नसतो, तेव्हा ‘कंपयुक्त पक्षाघात’ हे जुने नाव योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मराठीत रूढ झालेली ‘कंपवात’ ही आयुर्वेदीय परिभाषेतील संज्ञाही कंपावरच भर देते. प्रत्यक्षात रुग्णास अधिक जाचतात ती ताठरता आणि हालचालींतील मंदगती ही लक्षणे. अंगरख्याची गुंडी लावणे, अंथरुणात कूस बदलणे यांसारख्या साध्या क्रियांनाही त्यामुळे फार वेळ लागतो.

शार्को यांच्या काळी बेलाडोना गटातील वनस्पतींची अल्कलॉइडे या रोगात देत असत. त्यांचा थोडाफार उपयोग का होतो हे कोणास सांगता येत नव्हते. पण रासायनिक उपचाराची ती पहिली पायरी होती. १९१९ मध्ये कॉन्स्टंटिन ट्रेट्याकॉफ यांनी पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात मध्यमस्तिष्कातील ‘कृष्णद्रव्य’ या काळसर पट्ट्यातील कोशिका कंपवाताच्या रुग्णांत नष्ट झालेल्या असतात, असे दाखविले. या कोशिकांचे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या रेखित पिंडात जातात, ही गोष्ट मात्र त्यानंतर चार दशके निश्चित झाली नाही. तोपर्यंत कृष्णद्रव्य हे नाव आणि त्याचा ऱ्हास ही खूण, एवढेच वैद्यकास माहीत होते.

डोपामिनाचा शोध : या विषयाच्या रासायनिक इतिहासाचा एक धागा भारतातून जातो. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरली जात होती. अतिरक्तदाबावर तिचा उपयोग कसा होतो याविषयीचा मुंबईतील डॉ. रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांचा शोधनिबंध १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. रक्तदाबावर व मनोविकारांवर ते मोठ्या प्रमाणावर दिले जाऊ लागले, तेव्हा काही रुग्णांत ताठरता, मंदगती व कंप ही कंपवाताची हुबेहूब लक्षणे दिसू लागली आणि औषध थांबविल्यावर ती नाहीशी झाली. ज्या रोगाचे कारण शतकभर सापडले नव्हते, तो एका गोळीने तात्पुरता निर्माण करता येत होता. औषधाचा हा दुष्परिणामच पुढील संशोधनाची किल्ली ठरला.

स्वीडनमधील आर्विड कार्लसन (१९२३–२०१८) यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पीन दिले. ससे कान पाडून निश्चल पडून राहिले. मग त्यांना लेव्होडोपा हे ॲमिनो अम्ल टोचताच थोड्याच मिनिटांत ते हिंडूफिरू लागले. लेव्होडोपापासून शरीरात डोपामीन व डोपामिनापासून नॉरॲड्रेनॅलीन बनते. डोपामीन हा या साखळीतील केवळ मधला दुवा आहे, असे तोवर समजले जाई. ते मेंदूत स्वतंत्रपणे आढळते, हे १९५८ मध्ये कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. त्याचा बहुतांश साठा रेखित पिंडात असतो, हे १९५९ मध्ये स्पष्ट झाले. तरीही १९६० मध्ये लंडन येथे भरलेल्या परिसंवादात जमलेल्या नामांकित शास्त्रज्ञांनी कार्लसन यांच्या मताचे स्वागत थंडपणेच केले. तंत्रिका कोशिका एकमेकींशी विजेच्या साहाय्याने बोलतात की रसायनांच्या, हा जुना वाद मेंदूपुरता अजून मिटलेला नव्हता. कार्लसन यांना या कार्याबद्दल २००० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

त्याच सुमारास व्हिएन्ना येथे ओलेह हॉर्निकिएविच (१९२६–२०२०) यांनी हर्बर्ट एरिंगर यांच्यासह मृत रुग्णांच्या मेंदूंचे पृथक्करण चालविले होते. निरोगी व्यक्तीच्या रेखित पिंडाच्या अर्कात विक्रियाकारक घातल्यावर गुलाबी रंग येई. कंपवाताच्या रुग्णाच्या अर्कात तो जेमतेम उमटे. डोपामिनाची उणीव अशा रीतीने नुसत्या डोळ्यांनीच दिसली, मोजमाप नंतर झाले. हा निष्कर्ष १९६० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि १९६१ च्या जुलैमध्ये हॉर्निकिएविच यांच्या आग्रहावरून व्हाल्टर बिर्कमायर (१९१०–९६) यांनी व्हिएन्नातील एका वृद्धाश्रमातील रुग्णांना शिरेवाटे लेव्होडोपा दिला. अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले, काही चालू लागले. परिणाम काही तासच टिकला. डोपामीनच का दिले नाही, तर ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरतो व तेथे त्याचे डोपामीन होते.

लेव्होडोपा हे द्रव्य काही नवे नव्हते. बाझेल येथील मार्कुस गुगेनहाइम यांनी १९१३ मध्येच ते एका शेंगभाजीच्या बियांतून वेगळे केले होते. त्यांनी त्याची अडीच ग्रॅम मात्रा स्वतः घेऊन पाहिली तेव्हा त्यांना जोराची वांती झाली. खाजकुइलीच्या बियांतही ते असल्याचे मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये सिद्ध केले. आयुर्वेदात या बिया औषधी मानल्या जातात. त्यामुळे प्राचीनांना डोपामीन ठाऊक होते असे म्हणणे अर्थातच धाडसाचे होईल. गुगेनहाइम यांना झालेली वांती हीच पुढे या उपचारातील मोठी अडचण ठरली. न्यूयॉर्क राज्यातील ब्रुकहेव्हन येथे जॉर्ज कॉट्झियास (१९१८–७७) यांनी १९६७ मध्ये अगदी अल्प मात्रेपासून आरंभ करून ती हळूहळू वाढवीत नेली, तेव्हा तिच्यावर मात करता आली. १९७० मध्ये अमेरिकेत लेव्होडोपास मान्यता मिळाली. त्याचे डोपामीन मेंदूबाहेरच होऊ नये म्हणून कार्बिडोपासारखे एंझाइमरोधक त्यात पुढे मिसळण्यात येऊ लागले.

काही वर्षांतच या औषधाच्या मर्यादा दिसू लागल्या. आरंभी दिवसभर पुरणारी मात्रा पुढे तीन-चार तासही पुरेना. औषधाचा अंमल असताना हातापायांच्या व मानेच्या अनैच्छिक वेड्यावाकड्या हालचाली आणि अंमल ओसरला की पुन्हा ताठरता, अशा दोन टोकांत रुग्णाचा दिवस जाऊ लागला. कृष्णद्रव्यातील निरोगी कोशिका डोपामीन बेताबेताने व सतत सोडतात. गोळीमुळे ते लाटेसारखे येते व ओसरते. उणीव द्रव्याची होती तशीच त्याच्या लयीचीही होती, हे येथे प्रथम जाणवले.

शस्त्रक्रियेकडून विजेकडे : लेव्होडोपापूर्वी कंपवातावर मेंदूच्या शस्त्रक्रिया केल्या जात. १९४७ मध्ये फिलाडेल्फिया येथे श्पीगेल व वायसिस यांनी डोक्यास चौकट बसवून मेंदूतील कोणत्याही बिंदूचे स्थान तीन दिशांतील अंतरांनी ठरविण्याचे तंत्र मानवात वापरले. या तंत्राने सुईसारखे उपकरण आत घालून थॅलॅमस किंवा पांडुर गोल यांचा ठराविक भाग उष्णतेने जाळीत असत. कंप थांबे, पण जाळलेला भाग परत येत नसे आणि दोन्ही बाजूंस शस्त्रक्रिया केल्यास वाणी जाण्याचा धोका असे. लेव्होडोपा आल्यावर या शस्त्रक्रिया बव्हंशी मागे पडल्या.

फ्रान्समधील ग्रनॉबल येथे आलीं लुई बेनाबीद (जन्म १९४२) हे अशाच शस्त्रक्रिया करीत. जाळण्यापूर्वी नेमकी जागा सापडली की नाही हे पाहण्यासाठी ते तेथे मंद विद्युत् प्रवाह सोडून पाहत. स्पंदांची संख्या कमी असता कंपावर परिणाम होत नसे किंवा तो वाढे. दर सेकंदास शंभराच्या आसपास स्पंद दिले की कंप थांबे व प्रवाह बंद करताच पुन्हा सुरू होई. मग जाळण्याऐवजी प्रवाहच चालू ठेवला तर, हा साधा विचार १९८७ मध्ये प्रत्यक्षात आला. मेंदूत विद्युत् अग्रे ठेवण्याचे प्रयत्न लेनिनग्राड येथे नतालिया बेख्टेरेव्हा यांनी व इतरत्र काहींनी साठोत्तरी दशकात केले होते. परंतु हृदयाच्या गतिकारकावरून घेतलेले, छातीच्या कातडीखाली बसणारे स्पंदजनित्र तोवर हाताशी नव्हते. १९९७ मध्ये अमेरिकेत कंपावरील या उपचारास मान्यता मिळाली.

थॅलॅमसातील उद्दीपनाने कंप थांबे, पण ताठरता व मंदगती तशीच राही. त्यांवरील उपाय वेगळ्याच वाटेने सापडला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी व्यक्ती अचानक पुतळ्यासारख्या निश्चल झाल्या. पेथिडिनासारखे मादक द्रव्य चोरून बनविताना त्यात निर्माण झालेल्या एमपीटीपी या अशुद्धीने त्यांच्या कृष्णद्रव्यातील कोशिका मारल्या होत्या, असे विल्यम लँगस्टन यांनी शोधून काढले. या विषाने माकडांत कंपवात निर्माण करता येऊ लागला आणि डोपामीन नाहीसे झाल्यावर पुढच्या केंद्रकांत काय घडते हे पाहता आले. त्यावरून तयार झालेले चित्र असे : रेखित पिंडापासून एक थेट व एक आडवळणाचा असे दोन मार्ग निघतात. डोपामीन पहिल्यास चालना देते व दुसऱ्यास आवर घालते. डोपामीन गेले की आडवळणाच्या मार्गावरील अधोथॅलॅमसी केंद्रक बेलगाम होते. हे केंद्रक अगदी लहान असून त्याच्या कोशिका ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य सोडतात. त्यामुळे पांडुर गोलाचा आतील भाग अतिक्रियाशील होतो. तो गाबा (गॅमा-ॲमिनोब्युटिरिक अम्ल) हे निरोधक द्रव्य सोडून थॅलॅमसास दाबून धरतो आणि हालचालीची आज्ञा प्रमस्तिष्काच्या बाह्यकात उमटतच नाही. १९९० मध्ये बर्गमन, विचमन व डीलाँग यांनी माकडांतील हे केंद्रक नष्ट केले, तेव्हा माकडे पुन्हा हालचाल करू लागली.

मानवात हे केंद्रक नष्ट करण्याऐवजी तेथे उद्दीपन देण्याचा प्रयोग ग्रनॉबल येथे १९९३ मध्ये झाला. पॅट्रिशिया लिमुझँ व सहकाऱ्यांचे तीन रुग्णांविषयीचे निष्कर्ष १९९५ मध्ये व चोवीस रुग्णांविषयीचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ताठरता, मंदगती व कंप ही तिन्ही लक्षणे कमी झाली आणि औषधाची मात्रा सरासरीने निम्म्यावर आली. २००२ मध्ये अमेरिकेत या उपचारास मान्यता मिळाली. २००६ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातील १५६ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीत केवळ औषधापेक्षा उद्दीपनाची जोड दिलेला उपचार सरस ठरला. दोन्ही बाजूंस सु. १·३ मिमी. जाडीची विद्युत् अग्रे, दर सेकंदास सु. १३० स्पंद व प्रत्येक स्पंद सु. ६० मायक्रोसेकंदांचा, ही मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. भारतातही ही शस्त्रक्रिया होते; तिचा खर्च कित्येक लाखांत जात असल्याने ती मोजक्याच रुग्णांच्या आवाक्यात आहे.

विजेने डोपामीन वाढते काय? : वाढत असावे, अशी शंका येण्यास सबळ कारणे होती. ज्या रुग्णास लेव्होडोपाचा चांगला गुण येतो त्यासच अधोथॅलॅमसी उद्दीपनाचा गुण येतो. ज्यास तो येत नाही त्यास शस्त्रक्रिया सहसा सुचविली जात नाही (कंप हा याला अपवाद). प्रवाह वाढविल्यास काहींत लेव्होडोपाने होतात तशाच अनैच्छिक हालचाली होतात. औषध निम्मे करूनही रुग्ण पूर्ववत राहतो. शिवाय हे केंद्रक कृष्णद्रव्याच्या अगदी वर असून त्याच्या जवळून डोपामीनवाहक तंतू जातात. २००१ च्या सुमारास ग्रनॉबल व बर्लिन येथील प्रयोगांत उंदरांच्या रेखित पिंडात सूक्ष्म अपोहन नलिका बसविण्यात आल्या. अर्धपार्य पटलाच्या या नलिकेत मेंदूतील द्रवाचे लहान रेणू झिरपतात व त्यांचे पृथक्करण करता येते. उद्दीपन देताच डोपामीन किंवा त्याच्या विघटनाने होणारी द्रव्ये वाढलेली आढळली. प्रश्न सुटला असे वाटू लागले.

मानवात मात्र तसे दिसले नाही. जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामीन अप्रत्यक्षपणे मोजण्याची एक युक्ती आहे. कार्बन-११ या किरणोत्सर्गी समस्थानिकाने खूण केलेले रॅक्लोप्राइड हे द्रव्य शिरेवाटे दिल्यास ते रेखित पिंडातील डोपामीन-ग्राहकांस चिकटते व पॉझिट्रॉन क्रमवीक्षणात दिसते. तेथे डोपामीन वाढले तर ते ग्राहक अडवून बसते आणि रॅक्लोप्राइड कमी चिकटते. लेव्होडोपा दिल्यावर अशी घट दिसते. २००३ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि उत्तर अमेरिका येथील गटांनी उद्दीपन चालू व बंद असताना रुग्णांची अशी तपासणी केली. रुग्णसंख्या प्रत्येक ठिकाणी अगदी थोडी होती. तथापि सर्वांचा निष्कर्ष एकच निघाला. रुग्णाच्या हालचालीत स्पष्ट सुधारणा असूनही रॅक्लोप्राइडाच्या बंधनात लक्षणीय फरक नव्हता.

याच पद्धतीने व्हँकूव्हर येथे २००१ मध्ये एक वेगळेच निरीक्षण प्रसिद्ध झाले होते. औषध म्हणून निरुपद्रवी खारे पाणी टोचले तरी, गुण येईल या अपेक्षेनेच कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन स्रवते. म्हणजे नुसत्या आशेने जेवढे डोपामीन सुटते तेवढेही, मोजता येईल असे, विजेने सुटत नाही. उपचाराच्या प्रत्यक्ष गुणातून आशेचा वाटा वजा करणे किती कठीण आहे, हेही यावरून कळते.

उंदीर व मानव यांतील ही तफावत समजण्यासारखी आहे. प्रयोगातील उंदीर निरोगी तरी होते किंवा त्यांच्या डोपामीन-कोशिका अंशतःच नष्ट केलेल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या टप्प्यावर पोहोचलेल्या मानवी रुग्णात उत्तेजन देण्याजोग्या कोशिकाच फार थोड्या उरलेल्या असतात. उंदराचे अधोथॅलॅमसी केंद्रक इतके लहान असते की त्यात सोडलेला प्रवाह शेजारच्या तंतूंपर्यंत न पोहोचला तरच नवल. क्रमवीक्षणास अत्यल्प व स्थानिक वाढ कळत नसेल, हा आक्षेप शिल्लक राहतो व तो पूर्णतः खोडून काढता येत नाही. तरीपण कंपवातातील उद्दीपनाचा गुण मुख्यतः डोपामीन वाढल्यामुळे येत नाही, या मताकडेच पुरावा झुकतो. लेव्होडोपा उणीव भरून काढतो. विद्युत् उद्दीपन त्या उणिवेचे पुढील केंद्रकांवर होणारे परिणाम अडविते.

इतर रासायनिक बदल : ते कसे अडविते, याविषयीची कल्पना दोनदा बदलली. केंद्रक जाळल्याने व त्यास उद्दीपन दिल्याने सारखाच परिणाम होतो, तेव्हा उद्दीपन केंद्रकास गप्प करीत असावे, असे आरंभी मानले गेले. पण २००० मध्ये ग्रनॉबल येथे विंडेल्स व सहकाऱ्यांना उंदरांत उलटे दिसले : अधोथॅलॅमसी केंद्रकास उद्दीपन दिल्यावर त्याचे तंतू जेथे पोहोचतात तेथे ग्लुटामेट वाढले. माकडांत २००३ मध्ये पांडुर गोलाच्या कोशिकांची क्रियाशीलताही वाढलेली आढळली. रोम येथील स्टेफानी यांच्या गटाने शस्त्रक्रिया चालू असताना जागृत रुग्णांच्या पांडुर गोलात अपोहन नलिका ठेवून २००५ मध्ये असे दाखविले की, उद्दीपनाने तेथे चक्रीय जीएमपी हे द्रव्य वाढते. ग्लुटामेट ग्राहकांच्या उत्तेजनाची ही रासायनिक खूण असते. याच गटास पुढे थॅलॅमसात गाबा कमी झालेले आढळले, म्हणजे थॅलॅमसावरचा दाब सैल झाला. विजेने कोशिकेच्या देहापेक्षा तिचा लांब तंतू अधिक सहज उत्तेजित होतो. त्यामुळे कोशिका स्वतः दबलेली असताना तिच्या तंतूच्या टोकाशी द्रव्य स्रवत राहते, असा मेळ आता घातला जातो. रोगात या केंद्रकांतील कोशिका दर सेकंदास १३ ते ३० आवर्तनांच्या संथ लयीत एकत्र जखडल्या जातात. लेव्होडोपा ही लय मोडतो व उद्दीपनही मोडते. दोन अगदी भिन्न उपचार येथे एकत्र येतात आणि लेव्होडोपास दाद देणारा रुग्णच विजेला दाद का देतो, याचे काहीसे उत्तर मिळते.

केवळ तंत्रिका कोशिकाच यात भाग घेतात असे नाही. २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले की, थॅलॅमसातील उद्दीपनाने एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट) बाहेर पडते, त्याचे ॲडिनोसीन बनते आणि ते कंप आटोक्यात आणते. ॲडिनोसिनाचा ए-१ हा ग्राहक नसलेल्या उंदरांत उद्दीपनाचा दुष्परिणाम होणारी मात्रा आणि गुण येणारी मात्रा यांतील अंतर उरत नाही. एटीपी सोडण्यात तंत्रिकाश्लेष्म म्हणजे तंत्रिका कोशिकांना आधार देणाऱ्या कोशिकांचा हात असावा.

मनावरील परिणामांचे रसायन अधिक नाजूक आहे. हालचाल सुधारलेला रुग्ण उदास किंवा निरिच्छ झाल्याचे शस्त्रक्रियेनंतर अनेकदा आढळे व कुटुंबीय बुचकळ्यात पडत. दोन स्पष्टीकरणे पुढे आली. नेदरलँड्समधील टेमेल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांत दाखविले की, अधोथॅलॅमसी उद्दीपनाने मस्तिष्क स्तंभातील सेरोटोनीन स्रवणाऱ्या कोशिका मंदावतात व प्राणी हताश झाल्यासारखे वागतात. दुसरे स्पष्टीकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. २०१० मध्ये थोब्वा व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे डोपामीनवर्धक औषध मोठ्या प्रमाणावर कमी केले होते अशा ६३ रुग्णांचे निरीक्षण केले. त्यांपैकी ३४ जणांत निरिच्छता आली. उद्दीपन हालचालींच्या मार्गातील उणिवेवर मात करते. इच्छा, उत्साह व आनंद यांच्याशी संबंधित मार्गांस लागणारे डोपामीन ते पुरवीत नाही. ते औषधच पुरवीत होते आणि तेच काढून घेतले गेले. औषध जितके लवकर सुटेल तितकी शस्त्रक्रिया यशस्वी, अशी जी समजूत एके काळी होती, ती प्रस्तुत लेखकाच्या मते या उपचाराच्या इतिहासातील सर्वांत महागात पडलेली चूक होय. २००८ मध्ये अनेक देशांतील ५,३११ शस्त्रक्रियांचा आढावा घेण्यात आला तेव्हा २४ रुग्णांनी आत्महत्या केल्याचे व ४८ जणांनी तसा प्रयत्न केल्याचे आढळले. त्यांची कारणे अनेक होती व सर्वांस औषधकपात लागू करता येणार नाही. पण तेव्हापासून औषध हळूहळू कमी करणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मनोविकारतज्ञांकडून तपासणी करणे यांवर भर दिला जाऊ लागला. याची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. डोपामीनवर्धक औषधांच्या अतिरेकाने जुगार, उधळेपणा यांसारखी अनावर ओढ ज्यांना लागलेली असते, त्यांना औषध कमी झाल्याने दिलासा मिळतो.

उद्दीपनाने कृष्णद्रव्यातील उरलेल्या कोशिका वाचतील, अशी आशा एका तर्कावर आधारलेली होती : बेलगाम अधोथॅलॅमसी केंद्रक कृष्णद्रव्यावरही ग्लुटामेटाचा भडिमार करते व तो विषारी असतो, तो आवरला तर ऱ्हास थांबेल. जर्मनीतील हिल्कर व सहकाऱ्यांनी यशस्वी उद्दीपन चालू असलेल्या रुग्णांच्या रेखित पिंडाची डोपामीन बनविण्याची क्षमता कालांतराने पुन्हा मोजली. ती इतर रुग्णांप्रमाणेच घटत गेली होती, असे त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पाच वर्षांच्या निरीक्षणातही (२००३) औषधाविना होणाऱ्या हालचालीत ५४ टक्के सुधारणा टिकून राहिली. पण औषध घेतलेल्या स्थितीतील चाल, वाणी व तोल यांत घसरण झाली. या लक्षणांना लेव्होडोपाही पुरा पडत नाही. त्यांचे मूळ डोपामीनबाह्य कोशिकांच्या ऱ्हासात आहे. अधोथॅलॅमसी केंद्रकातील ग्लुटामेटापासून तेथेच गाबा बनविणाऱ्या एंझाइमाचे जनुक विषाणूच्या साहाय्याने आत सोडण्याचे प्रयोगही झाले (२००७ व २०११). त्यांत रुग्णांना काही प्रमाणात गुण आला. विजेऐवजी रसायनानेच हे केंद्रक आवरता येते, एवढे त्यांतून दिसले. मात्र तो नित्याचा उपचार बनला नाही.

वर उल्लेखिलेल्या संथ लयीचे विद्युत् अग्राद्वारे मापन करून तीनुसार प्रवाह आपोआप कमीजास्त करणाऱ्या उपकरणांस अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. ही उपकरणे मेंदूतील विद्युत् संकेत वाचतात. डोपामीन, ॲडिनोसीन यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण क्षणोक्षणी मोजण्यासाठी कार्बनाच्या अतिसूक्ष्म तंतूंची अग्रे वापरण्याचे तंत्र डुकरांवर आणि शस्त्रक्रियेच्या वेळी काही रुग्णांवर वापरून पाहण्यात आले आहे. ती अग्रे मेंदूत वर्षानुवर्षे टिकत नाहीत, त्यांच्यावर प्रथिनांचा थर साचतो व संवेदनशीलता कमी होते.